तिसरी कॉईल

वैज्या,

तुझं स्टूल डगमगतं. इतकी वर्षं मी समोरच्या खुर्चीत बसत आलो, त्यामुळं मला हे आज कळलं. असल्या स्टुलावर बसून तू केसाएवढी तार कशी भरायचास, ते तुझं तुलाच ठाऊक.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलंय. पूर्ण उघडलं की कुणीतरी जळालेली मोटार घेऊन आत शिरतं. काल तेवढ्यातूनही एकजण वाकून आलाच, खांद्यावर पंपाची मोटार. मी म्हणालो, अप्पा गेले. तर म्हणतो, "कव्हा येतेल?" याला काय सांगायचं? मी त्याला परभणीच्या एका वाइंडिंगवाल्याचा पत्ता दिला. तुला ते आवडलं नसतं. पण तुझी मर्जी सांभाळायचे दिवस आता राहिले नाहीत.

तुझी आगीनगाडी समोर आहे. सव्वा वीत लांब, पितळेची, दोन्ही तोंडांना केबिन, टपावर विजेच्या तारेला टेकायला छत्रीच्या काड्यांचा हात. बघणाऱ्याला वाटेल, झालीच की पूर्ण. पण तिच्या पोटात मोटार नाही. मोटार बशीत पडलीय. तिच्या तीन कॉईलींपैकी दोन भरलेल्या आहेत आणि तिसरी उकललेली. ती उकलली मी. तुझ्या वस्तूला तुला न विचारता पहिल्यांदाच हात लावला, आणि आता वाटतंय की नसता लावला तर बरं झालं असतं.

हे खूळ तुझ्या डोक्यात कसं शिरलं, ते जिंतुरात बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण तू ते चहाच्या टपरीवरसुद्धा सांगायचास. लहानपणी मामाकडं लातूरला गेला असताना तू छोट्या लाइनीच्या गाडीत बसला होतास. तिची खिडकी एवढी खाली की हात बाहेर काढला की गवत लागायचं म्हणे. ती छोटी लाइन गेली, तिथं मोठी आली. आपल्या जिंतूरला तर ना छोटी आली ना मोठी. आपण एसटीवाले ते एसटीवालेच राहिलो. एके दिवशी मी सहज विचारलं, काय करायलायस, तर तू मोटारीवर चालणाऱ्या आगीनगाडीचं चित्र पत्र्यावर खडूनं काढून बसला होतास.

"सोनारा, ती छोटी लाइन जिंतूरला आली असती तर?"

"आली असती तर धूर आला असता घरात," मी म्हणालो.

"म्हणून तर बिजलीची करायलाव."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचो, अरे, छोट्या लाइनीवर बिजलीचं इंजिन या मुलखात कधी धावलं का? जे नव्हतंच त्याची नक्कल कशी करायची? नक्कल करायला आधी अस्सल लागतं. त्यावर तू माझ्या दुकानातल्या हाराकडं बोट दाखवून म्हणालास, "तू लक्ष्मीहार करतूस. लक्ष्मीनं कव्हा घातलाय तुझ्यासमोर?"   पण मी हरलो असं मी कधी म्हटलं नाही आणि आताही म्हणणार नाही.

विकतचं काहीही लावायचं नाही, ही तुझी अट. तुझ्या आईची फुटकी परात तू माझ्याकडं आणलीस आणि म्हणालास, हिची गाडी होईल. परातीचा पत्रा सरळ करता करता माझा जीव मेटाकुटीला आला. माप तू सुतारांच्या सुतात धरलं होतंस, खऱ्या गाडीच्या फुटाला तीन सूत, आणि मी गुंजा-माशांचा माणूस. पण टाकणखार लावून फुंकणीनं जोड द्यायचं काम माझंच होतं. पत्र्यावरचे रिबिट मी मागून ठसा मारून उठवले, एकेक मोहरीएवढा. कुणाला दिसणार आहेत ते, असं मी म्हणालो, तर तू म्हणालास, "मला दिसतेल." घड्याळाची चक्रं तू जमवलीस, जुन्या भोंग्यातलं लोहचुंबक काढलंस, जळक्या ट्यूबलाइटच्या चोकचे पत्रे कातरून मोटारीचा गाभा केलास. टपावर वीज अडवणाऱ्या चिनी मातीच्या चिमण्या असतात, त्यांच्यासाठी पांढरे मणी लागले, तर वहिनींच्या शिवणाच्या डब्यातून ढापलेस. वाटणी कायमची ठरली होती. पितळ माझं, तांबं तुझं. मी तारेला हात लावायचा नाही आणि तू फुंकणीला.

परभणीच्या स्टेशनावर विजेच्या तारा चढल्या तेव्हा तू मला पहिल्या एसटीनं तिथं नेलंस. मला गाडीत बसायचं नव्हतं, कुणी यायचंही नव्हतं. दोन म्हातारे फलाटावर उभे, वर बघत. इंजिनानं टपावरचा हात हळूच उचलला आणि तारेला लावला, तेव्हा तू माझं मनगट घट्ट धरलंस. "बगितलं का, कसा उचलला? घाई केली न्हाई." एक हमाल आपल्याकडं बघून हसत होता. मी तुला ओढत होतो, चल रे, लोक काय म्हणतील. वैज्या, त्या सकाळीएवढा मी पुन्हा कधी खूश झालो की नाही, मला सांगता यायचं नाही. तेव्हा मी कुरकुरच केली होती.

आणि तुझी मोजणी. ती ज्यानं ऐकली नाही त्याला सांगून पटणार नाही. बाकीचे वाइंडिंगवाले आकडे मोजतात. तू स्टेशनं मोजायचास. ठरावीक वेढे झाले की एक स्टेशन. न झालेली लाइन तू मनात टाकून ठेवली होतीस. जिंतूरहून निघायची, बोरी, झरी करत परभणीला मोठ्या लाइनीला मिळायची. एवढ्यानं भागेना म्हणून मधे थांबे घातलेस. चिंचेचा मळा, दर्ग्याची विहीर, पांदीचं फाटक. कुणी शेतात हुरडा खाऊ घातला की त्याच्या बांधाला थांबा मिळायचा. बोरी माझी सासुरवाडी, म्हणून तिथं तू मुद्दाम ताणून बोलायचास. "बोऽरी. सोनाराचा पाहुणचार हाय, उशीर लागंल." गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असलं तरी परभणी येईपर्यंत तू मान वर करत नव्हतास, नुसतं एक बोट उचलायचास. मधे कुणी बोललं आणि मोजणी चुकली की अख्खी कॉईल उकलून पुन्हा जिंतूरहून निघायचास. आणि तार तुटली तर ती फेकून द्यायचास. "जोडाची तार मी भरत न्हाई," हे तू इतक्या वेळा ऐकवलंस की मला वाटायचं, हा आपल्या सोनारकामाला टोमणा आहे. आमचा सगळा धंदाच जोडाचा.

त्या दिवशी दुपारी तू जेवून दुकानात आलास. मागं घर, पुढं दुकान. वहिनी ताकाचा तांब्या घेऊन आल्या तर तू टेबलाला टेकून स्टुलावर होतास आणि नव्हतास. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी धावत आलो तेव्हा तुझ्या समोर टेबलावर गाडी होती आणि बशीत मोटार. मला वाटलं, तार भरता भरताच गेलास. कुणी विचारलं तर मी तसंच सांगत होतो. ऐकणारे म्हणायचे, चांगलं मरण आलं. मीही मान हलवायचो.

तुम्हा लिंगायतांत बसवून माती देतात हे मला ठाऊक होतं. तुझ्या वडिलांच्या वेळी मी तुझ्या शेजारीच उभा होतो. पण तुला तसं बसवलेलं बघायची वेळ माझ्यावर येईल, हे कधी मनात आलं नव्हतं. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, भोवती बेलाची पानं. तू नेहमीसारखाच बसला होतास, जरासा डावीकडं झुकून. आमच्यात माणूस आडवा होतो, डोळ्यांदेखत जळतो, आणि मनाला पटतं की गेला. तू बसून होतास. जंगमस्वामी मंत्र म्हणत होते आणि मी वाट बघत होतो की आता तू एक बोट उचलशील, जरा थांबा म्हणशील. मूठभर माती घेऊन मी उभाच राहिलो. बसलेल्या माणसावर माती कशी टाकतात? शेवटी कुणीतरी माझा हात धरून ती टाकायला लावली.

वहिनी उद्या गंगाखेडला लेकीकडं जायच्यात. जागा सोडायचीय. दुकानातली मोठी यंत्रं गेली, रिकाम्या रिळांचं पोतं भंगारात गेलं. गाडी तेवढी त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. परवा माझ्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एकदा चालवून दावा. चार हात का व्हईना. माझा निम्मा जलम तिच्या शेजारी गेला. चालती का न्हाई ते तरी बगून जाते."

मी हो म्हणालो. नाही म्हणायची सोय होती का?

माझ्या मनात आधी आली ती विकतची मोटार. तुला चिडवायला मी एकदा जुन्या टेपची मोटार आणली होती, आठवतं? बरोबर मापाची. लाव आणि मोकळा हो, म्हणालो होतो. तू ती पाकिटासकट खणात टाकलीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. ती अजून तिथंच आहे. मी ती काढून वहिनींना दाखवली. म्हणालो, ही बसवतो, तासाभराचं काम आहे. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं. "हे त्यांनी जित्तेपणी ऐकलं न्हाई तुमचं. आता ते न्हाईत मनून ऐकवायचं व्हय?"

मग राहिली तुझीच मोटार. तूच मला शिकवलं होतंस की तिन्ही कॉईलींचे वेढे सारखे पाहिजेत, नाहीतर मोटार धक्के खात फिरते. तिसरी अर्धी भरलेली, किती वेढे झाले ते तुझ्या डोक्यात. ती उकलून पहिल्यापासून भरायची, हाच एक मार्ग होता. वहिनी म्हणाल्या, "स्टेशनं मला पाठ हायेत की. सैपाक करता करता दुसरं काय ऐकलंय मी?" आज सकाळी आम्ही दोघं इथं बसलो, मी तुझ्या स्टुलावर आणि वहिनी माझ्या खुर्चीत.

पहिली गोष्ट मला खटकली ती ही की तारेचं टोक दोऱ्यानं नीट बांधून ठेवलेलं होतं. भरता भरता माणूस जातो तेव्हा टोक मोकळं असतं. दोऱ्यावर धूळ होती.  दोरा कापला आणि तार उकलायला लागलो.

थोडी उकलली आणि बोटाला गाठ लागली. चष्मा लावून बघितलं तर जोड. कथलाचा ओबडधोबड थेंब. मी तो अंगठ्यानं चाचपला आणि पुढं गेलो. पुन्हा जोड. आणखी थोडी तार, पुन्हा जोड. पहिल्या दोन कॉईलींवर तार कशी बसलीय, एकीला एक लागून, धान्याच्या कणसासारखी. या तिसरीत ती एकमेकींवर चढलेली, कुठं सैल, कुठं आवळून तिच्यावरची लाख उडालेली. जोडाची तार न भरणाऱ्या माणसाची ही कॉईल होती. मी वर बघितलं. वहिनी माझ्याकडं बघतच होत्या.

"वहिनी, हे काय हाय?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू बोलल्या. "शुगरनं बोटं मेलती त्यांची. दिवाळीच्या आदीपासनं. पंपाची जाड तार समजायची त्यांला, तेवढी कामं उरकायचे. ही समजना. ओढली की तुटायची. जोडायचे, पुना तुटायची. सदऱ्याच्या गुंड्या मी लावून द्यायची. मग एके दिशी दोरा बांधला आन मनले, ऱ्हाऊ दे."

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"सांगू नको मनले. सोनाराला कळलं तर मनंल, काढ ती इकतची मोटार." मग त्या म्हणाल्या, "तुमी आलाव की ते हात खिशात घालून बसायचे, भावजी."

खरंय. बसायचास. मला वाटायचं, थंडी वाजते. थंडी गेली, ऊन तापलं, तरी तुझे हात खिशातच. मी रोज येत होतो, रोज विचारत होतो, काय रे, लाइन कधी चालू होणार? तू म्हणायचास, "हंगाम हाय, येळ न्हाई." आणि मी तुला खुशाल आळशी म्हणायचो.

नंतर मी नवी तार घेऊन बसलो. म्हटलं, रडायला पुढं जन्म पडलाय, आधी काम. वहिनी नावं घेऊ लागल्या. जिंतूर. चिंचेचा मळा. दर्ग्याची विहीर. आवाज तुझ्यासारखा लावायचा प्रयत्न करत होत्या. बोरी आली. बोरीच्या पुढं त्या अडखळल्या. पांदीचं फाटक आधी की नंतर, मधे आणखी कुणाचं शेत होतं, काही धड आठवेना. "बोरी आली की माजी भाकरी तव्यावर असायची," म्हणाल्या, "फुडचं ध्यानच न्हाई दिलं कव्हा." आणि एका स्टेशनाला वेढे किती, हे तर त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. मी आपला अंदाजानं धरत होतो. अंदाजानं मोटार होत नसते. मी हात थांबवला.

आकडा मिळवायचा एकच रस्ता आहे. पहिल्या दोनपैकी एक चांगली कॉईल उकलायची आणि मोजायची. तार पुन्हा वापरता येणार नाही, पण हिशेब कळेल. मी तिचं टोक चिमट्यात धरलंही होतं. नाही उकलली. तुझी बोटं जिवंत होती तेव्हाचं एवढंच काम जगात शिल्लक आहे. पंपाच्या मोटारी काय, आज ना उद्या जळतील आणि दुसरा कुणी त्या उकलून टाकील.

तेव्हा गाडी चालणार नाही. मी वहिनींना तसं सरळ सांगितलं. त्या आत जाऊन धुतलेला टॉवेल घेऊन आल्या आणि तिला गुंडाळून पिशवीत ठेवलं. बशीतली मोटार कागदाच्या पुडीत बांधली. लेकीच्या घरी जागा लहान आहे, कपाटावर ठेवतील बहुतेक. नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण का लागू देऊ नका? आता ती कशासाठी जपायची, हे मला स्वतःलाच सांगता येईना. रंग कोणता द्यायचा यावरून आपली तकरार होती, पिवळा की पितळ तसंच ठेवायचं, तीही आता कुणाशी करायची? पितळ काळं पडेल. पडू दे.

तुझा राग येतो वैज्या. गेलास त्याचा नाही, ते काही तुझ्या हातात नव्हतं. माझ्यापासून हात लपवलेस, त्याचा येतो. मी टोचून बोललो असतो, हे खरं. विकतच्या मोटारीवरून तुला चार दिवस छळलं असतं, हेही खरं. पण पाचव्या दिवशी काय केलं असतं, एवढंही तुला ओळखता आलं नाही? मी सोनार आहे रे. या तुझ्या तारेहून बारीक सोन्याची तार मी उभा जन्म ओढली. माझी बोटं अजून शाबूत आहेत. पितळ माझं आणि तांबं तुझं, ही वाटणी आपण दोघांनीच केली होती ना, मग मोडायला कुणाची परवानगी लागणार होती? तू या स्टुलावर बसून नुसती स्टेशनांची नावं घ्यायची होतीस. तार मी भरली असती.